आपला मसाला परदेशी जायचा तर: निर्यातीचे दाखले समजून घेऊया

हल्ली गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. "ताई, आपला माल परदेशात पाठवायचाय, निर्यातीचं सर्टिफिकेट कुठं मिळतं?" कुणाचा भाचा दुबईला असतो, कुणाची पुतणी अमेरिकेत. सुट्टीला गावी आले की जाताना शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला, उटणं बांधून नेतात. मग तिकडून फोन येतो, "अजून पाठवा, इथं लोक विकत घ्यायला तयार आहेत." गटात उत्साह येतो. आणि नेमका त्याच वेळी एखादा एजंट येऊन म्हणतो, "पैसे द्या, मी सर्टिफिकेट आणून देतो." माझ्या माहितीतल्या एका गटाची कित्येक महिन्यांची बचत अशीच गेली. हातात आला तो रंगीत, सोनेरी शिक्क्याचा कागद. त्या कागदावर एक पाकीटसुद्धा देशाबाहेर जाऊ शकलं नसतं.

म्हणून आज हा विषय नीट समजून घेऊ. वही-पेन जवळ घेऊन बसलात तर बरं.

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या, की 'निर्यातीचं सर्टिफिकेट' नावाचा एकच एक कागद नाही. मुलीला शाळेत घालताना जन्माचा दाखला एका कार्यालयातून येतो, जातीचा दुसऱ्या, रहिवासाचा तिसऱ्या. इथंही तसंच आहे. परदेशातला खरेदीदार आणि तिथलं सरकार आपल्याला चार प्रश्न विचारतात. तुम्ही कोण? तुमचा माल सुरक्षित आहे का? तुमच्या स्वतःच्या देशात तो कायदेशीर विकला जातो का? आणि माल नेमका कुठला? प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देणारा दाखला वेगळा, देणारं कार्यालयही वेगळं.

पहिला प्रश्न, तुम्ही कोण? याची सुरुवात घरातूनच होते. खाण्याचा पदार्थ विकायचा तर भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना लागतो. २००६ च्या कायद्यानं हे बंधनकारक आहे, मग माल बीडच्या बाजारात विका नाहीतर लंडनमध्ये. उलाढाल लहान असेल तर साधी नोंदणी पुरते. तिचं सरकारी शुल्क वर्षाला १०० रुपये आहे आणि अर्ज फॉस्कॉस या संकेतस्थळावर होतो. नोंदणी झाली की १४ अंकी क्रमांक मिळतो, तोच पाकिटावर छापायचा. स्वतः निर्यातदार म्हणून माल बाहेर पाठवणाऱ्याला मात्र याच प्राधिकरणाचा केंद्रीय परवाना घ्यावा लागतो.

त्यानंतर आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड. तो विदेश व्यापार महासंचालनालय देतं, ज्याला सगळे डीजीएफटी म्हणतात. अर्ज ऑनलाइन, शुल्क ५०० रुपये. जीएसटी आल्यापासून हा कोड आणि पॅन क्रमांक एकच असतो. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात संकेतस्थळावर जाऊन आपली माहिती बरोबर आहे असं नोंदवावं लागतं. ते विसरलं तर कोड बंद पडतो. याच वर्षाच्या कामाच्या यादीत बँक आणि जीएसटीची कामंही लिहून ठेवा. निर्यातीवर कर न भरता माल पाठवायचा तर जीएसटी क्रमांक आणि एलयूटी नावाचं हमीपत्र लागतं, आणि ते दर आर्थिक वर्षाला नव्यानं द्यावं लागतं.

आता इथं आपल्या गटांची खरी अडचण येते. आयईसी कुणाच्या नावानं घ्यायचा? बचत गट बँकेत ओळखला जातो, पण बहुतेक गटांचं स्वतःचं पॅन नसतं. मग कुणीतरी म्हणतं, अध्यक्षाच्या नावानं घेऊन टाका. थांबा. आयईसी तिच्या नावाचा असेल तर परदेशातला पैसा तिच्याच खात्यात येणार, कर तिच्या नावावर लागणार, आणि माल परत आला तर जबाबदारीही तिचीच. एका बाईच्या खांद्यावर दहा-बारा जणींचं ओझं टाकू नका. आणि दहा-बारा जणींचा पैसाही एका खात्यात अडकवू नका. त्यापेक्षा उमेदचा प्रभागसंघ, माविमचं लोकसंचालित साधन केंद्र किंवा नोंदणी झालेली उत्पादक कंपनी यांपैकी ज्या संस्थेचं स्वतःचं पॅन आणि खातं आहे, तिच्या नावानं घ्या. त्याआधी गटाच्या इतिवृत्तात ठराव लिहा: नफा कसा वाटायचा, तोटा झाला तर कुणी सोसायचा.

याच पहिल्या प्रश्नात तिसरा कागद येतो तो त्या-त्या मालाच्या मंडळाची नोंदणी. पापड, लोणची, चटण्या, गूळ हे अपेडाच्या यादीत आहेत. अपेडा हे केंद्राचं प्राधिकरण १९८६ पासून काम करतं. मिरची, हळद आणि मसाले मात्र मसाला मंडळाकडे, म्हणजे स्पायसेस बोर्डाकडे जातात. साबण आणि सौंदर्यप्रसाधनांसाठी मुंबईचं केमेक्सिल आहे. म्हणजे बघा, एकाच गटानं चटणी, काळा मसाला आणि उटणं असं तिन्ही बनवलं तर तीन वेगळ्या दारांत जावं लागतं. म्हणून पहिल्या वर्षी एकच माल निवडा.

दुसरा प्रश्न, माल सुरक्षित आहे का? निर्यात अडते ती बहुतेक वेळा इथंच.

आपल्या शेंगदाण्याच्या चटणीचं उदाहरण घ्या. शेंगा ओल्या असताना पोत्यात भरल्या की त्यावर बुरशी धरते. त्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते डोळ्यांना दिसत नाही, आणि भाजल्यानं पूर्ण जातही नाही. युरोपीय संघात थेट खायच्या शेंगदाण्याला त्याची मर्यादा किलोमागे ४ मायक्रोग्राम आहे. म्हणजे एक टन दाण्यांत ४ मिलिग्राम, मोहरीच्या एक-दोन दाण्यांच्या वजनाएवढं. चव बघून हे कळत नाही. कळतं ते फक्त प्रयोगशाळेत.

मिरचीचंही तेच. २००३ मध्ये फ्रान्सला भारतातून गेलेल्या मिरचीच्या मालात सुदान नावाचा, खाण्यात चालत नसलेला रंग सापडला. तेव्हापासून युरोपनं मिरचीवर तपासणी लावली. २०२४ च्या एप्रिलमध्ये हाँगकाँगच्या अन्न सुरक्षा विभागानं भारतातल्या दोन नामांकित कंपन्यांच्या काही मसाल्यांची विक्री थांबवायला सांगितली. कारण होतं इथिलीन ऑक्साइड, जंतू मारायला वापरतात ते रसायन. एवढ्या मोठ्या कंपन्यांचं असं होतं, तर बाजारातून तयार मिरचीपूड आणून मसाल्यात मिसळणाऱ्या गटानं किती जपायला हवं! शक्यतो अख्खी मिरची घ्या, ओळखीच्या शेतकऱ्याकडून घ्या आणि स्वतः कांडून घ्या.

कांडपाबद्दल आणखी एक सांगते. गावातल्या कांडप यंत्रावर आपल्याआधी कुणीतरी शेंगदाणे दळलेले असतात. त्याचा अंश आपल्या मसाल्यात उतरतो. आपल्याला त्याचं काही वाटत नाही, पण तिकडे शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या माणसाच्या ते जिवावर बेतू शकतं. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळसुद्धा लेबलवर ठळक सांगायच्या ॲलर्जीच्या पदार्थांत आला आहे. आपल्या कारळाच्या नाहीतर जवसाच्या चटणीत मूठभर तीळ घालायची आपली सवय. घाला, पण लेबलवर लिहा.

तपासणी एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतूनच करून घ्यायची. तिच्या अहवालाच्या आधारे पुढचे दाखले मिळतात. काही देश आरोग्य दाखला मागतात. तो निर्यात तपासणी परिषदेच्या एजन्सीकडून मिळतो, आपल्यासाठी मुंबईची. ही परिषद १९६३ च्या कायद्यानं चालते. दूध, तूप, मध यांच्या मालावर या परिषदेचे नियम जास्त कडक आहेत. म्हणून पहिल्या खेपेला तुपातले लाडू नकोत, कोरडी चटणी किंवा मसाला बरा.

दुसरा एक दाखला आहे वनस्पती आरोग्याचा, ज्याला फायटो म्हणतात. मालाबरोबर कीड किंवा रोग तर जात नाही ना, एवढंच तो सांगतो. ताजी फळं, धान्य, बियाणं, अख्खी मिरची यांना तो लागतो. तळलेल्या, शिजवलेल्या, पूर्ण प्रक्रिया केलेल्या मालाला सहसा लागत नाही. तरीही खरेदीदाराला विचारूनच ठरवा, कारण हे दर देशागणिक बदलतं.

तिसरा प्रश्न, तुमच्या देशात हा माल विकला जातो का? या दाखल्याला मुक्त विक्री प्रमाणपत्र किंवा फ्री सेल सर्टिफिकेट म्हणतात. त्यामागचा विचार सरळ आहे: जे तुम्ही स्वतःच्या लोकांना विकत नाही, ते आम्हाला का पाठवता? हा दाखला मिळायचा तर तुमचा माल इथं परवान्यानिशी, बिलानिशी विकला गेलेला असायला हवा. म्हणून बीडच्या दुकानातलं बिल, महालक्ष्मी सरसच्या स्टॉलवरचं पावतीपुस्तक हे सगळं जपून ठेवा. खाण्याच्या पदार्थासाठी कोणत्या कार्यालयाचा दाखला चालेल, हे खरेदीदाराकडून लेखी मागून घ्या. सौंदर्यप्रसाधनांसाठी तो राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडून, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो.

चौथा प्रश्न, माल कुठला? याचं उत्तर देतो उगम दाखला, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन. डीजीएफटीच्या संकेतस्थळावरून त्याचा अर्ज होतो. याचा थेट फायदा पैशात दिसतो. संयुक्त अरब अमिरातीशी आपला व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू आहे. दुबईला जाणाऱ्या मालासोबत या करारातला उगम दाखला असेल, तर यादीतल्या मालावर तिकडचा आयात कर कमी होतो किंवा लागतच नाही. आपल्या बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही मालाचं गाव सांगतं. पण दोन्ही वेगळे. मानांकनाचं नाव वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. सीताफळ गोड असतं म्हणून कुणालाही ते नाव पाकिटावर छापता येत नाही.

आता उटणं, साबण आणि केसाच्या तेलाकडे येते. बऱ्याच जणींना वाटतं की हे खायचं नाही, म्हणजे याला परवाना कशाला? उलट इथं कायदा जास्त कडक आहे. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधने नियम याला लागू होतात. विकण्यासाठी बनवायचं तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना हवा. त्यासाठी जागा, स्वच्छता आणि रसायनशास्त्र किंवा फार्मसी शिकलेली तांत्रिक व्यक्ती लागते. हे आपल्या गटाला एकदम जमणार नाही. पण नियमात एक वाट आहे, तिला लोन लायसन्स म्हणतात. परवाना असलेल्या दुसऱ्याच्या कारखान्यात आपल्या नावाचा माल बनवून घ्यायचा. त्याचा अर्ज सीओएस-६ या नमुन्यात होतो आणि परवाना सीओएस-९ या नमुन्यात मिळतो.

लेबलवर काय लिहिता याला इथं फार महत्त्व आहे. 'केस मऊ होतात' लिहिलं तर ते सौंदर्यप्रसाधन. 'केस गळती बरी होते' लिहिलं की ते औषध, आणि औषधाचा परवाना वेगळा. एका ओळीनं अख्खी खेप अडू शकते. शिवाय घरचा उपाय म्हणजे सुरक्षित, असंही नसतं. उवांसाठी सीताफळाच्या बियांची पूड डोक्याला लावायची आपल्याकडे जुनी रीत आहे. पण ती डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते, हे डॉक्टरांनी नोंदवून ठेवलेलं आहे. म्हणूनच परदेशात सुरक्षिततेचा अहवाल मागतात. युरोपीय संघाच्या २००९ च्या नियमानुसार तर तिथं राहणारी एक जबाबदार व्यक्ती किंवा कंपनी नेमल्याशिवाय सौंदर्यप्रसाधन बाजारात आणताच येत नाही.

आता त्या सोनेरी शिक्क्याच्या कागदाविषयी. एजंट म्हणतो, "एफडीए सर्टिफिकेट काढून देतो." एफडीए दोन आहेत, बायांनो. एक आपलं महाराष्ट्राचं अन्न व औषध प्रशासन, आणि दुसरं अमेरिकेचं. अमेरिकेला खाण्याचा माल पाठवायचा तर कारखान्याची नोंदणी अमेरिकेच्या एफडीएकडे करावी लागते, हे खरं. त्यासाठी तिथला एक प्रतिनिधी नेमावा लागतो, आणि दर सम वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये ती नोंदणी नव्यानं करावी लागते. पण एफडीए स्वतः या नोंदणीचे पैसे घेत नाही आणि नोंदणीचं सर्टिफिकेटही देत नाही. म्हणजे तो शिक्क्याचा कागद एजंटनं स्वतःच छापलेला असतो. एजंटला त्याच्या कामाची मजुरी द्यायला हरकत नाही. फक्त आधी विचारा: सरकारी शुल्क किती, तुमची मजुरी किती, आणि सरकारी पावती कुणाच्या नावानं येणार? याचं सरळ उत्तर आलं नाही, तर पैसे देऊ नका.

एवढं सगळं ऐकून कुणी म्हणेल, राहू द्या, आपलं काम नाही हे. तसं नाही. हे सगळे दाखले पहिल्याच दिवशी आपल्या नावावर असायला हवेत, असं कुठंही लिहिलेलं नाही. लिज्जत पापडाचं बघा. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली. त्यांचे पापड आज कितीतरी देशांत मिळतात, पण ते मर्चंट एक्सपोर्टरमार्फत जातात. म्हणजे निर्यातदार व्यापारी त्यांच्याकडून माल विकत घेतो आणि आयईसी, केंद्रीय परवाना, जहाजाची कागदपत्रं तो सांभाळतो. बायकांनी सांभाळला तो दर्जा. आपल्या गटालाही पहिली दोन-तीन वर्षं हाच रस्ता बरा. थोडा माल स्वतः पाठवून बघायचा असेल, तर टपाल खात्यानं डाकघर निर्यात केंद्रं सुरू केली आहेत. तिथं आयईसीवर छोटी पार्सलं पाठवता येतात. मुख्य पोस्टात चौकशी करा. पण भाच्याला पाठवलेला फराळ ही भेट आणि पैसे घेऊन पाठवलेला माल हा व्यापार. भेट म्हणून लिहून व्यापार करायचा नाही.

आणि व्यापारी आला तरी एक गोष्ट तो आणू शकत नाही, ती म्हणजे आपली घाण्याची वही. एका वेळी जेवढं बनवलं तो एक घाणा, इंग्रजीत बॅच. प्रत्येक घाण्याला क्रमांक द्या. दाणे कुणाचे, मिरची कुणाची, तारीख कोणती, भाजलं कुणी, पाकिटं किती भरली, कुणाला दिली, हे सगळं त्या क्रमांकापुढं लिहा. घाण्यातलं एक पाकीट बाजूला ठेवा. परदेशात एखादं पाकीट खराब निघालं आणि वही असली, तर तेवढाच घाणा परत घ्यावा लागतो. वही नसली तर सगळा माल खराब धरला जातो. सगळे दाखले शेवटी या वहीवरच उभे राहतात. तपासणीला आलेला माणूस आधी वही मागतो.

आपल्या जिल्ह्यात या वहीची एक वेगळी गरज आहे. दसरा झाला की निम्म्या बैठकीतल्या बाया ऊसतोडीला जातात. जानेवारीत ऑर्डर आली तर हात वेगळे असतात. पण खरेदीदाराला ऑक्टोबरची चटणी आणि जानेवारीची चटणी एकसारखीच लागते. प्रमाण डोक्यात असेल तर ते बाईबरोबर कारखान्याच्या फडावर जातं. वहीत असेल तर मागं राहिलेली कुणीही तीच चटणी बनवते. आणि काम बारमाही झालं, तर पुढच्या हंगामात एखादीला उचल घ्यायची वेळ येणार नाही. मला या सगळ्या कागदांत गोडी वाटते ती यासाठी.

आता पुढच्या बैठकीपर्यंत एवढं करा. एक माल निवडा. एफएसएसएआयची नोंदणी चालू आहे का ते बघा. मुदत संपली असेल तर नवी घ्या. घाण्याची वही सुरू करा, शंभर पानी साधी वही चालेल. एक पाकीट तपासणीला पाठवायचा खर्च किती, ते विचारून या. खाद्यपदार्थाच्या लहान उद्योगांसाठी केंद्राची पीएमएफएमई योजना आहे. तिच्यात प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान आणि गटातल्या सभासदामागं ४०,००० रुपये बीजभांडवल अशी तरतूद आहे. अर्ज भरायला आणि परवाने काढायला मदत करणारी जिल्हा संसाधन व्यक्ती कोण आणि सध्या अर्ज घेतात का, हे कृषी कार्यालयात विचारा. आणि कुणी एजंट आला तर त्याला चहा द्या, पण पैसे देण्याआधी इतिवृत्तात त्याचं नाव, काम आणि रक्कम लिहून त्याची सही घ्या. सही करायला जो तयार नसेल, त्याला निरोप द्या.